मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी वागणारी गाडी

गाडी अजिबातच चालू होत नसेल तर ते एका अर्थी बरं. दोष जागेवर बसलेला असतो, शोधला की सापडतो. जीव खाते ती कधी चालू होणारी आणि कधी न होणारी गाडी. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. दुपारी कुठे वीस मिनिटं थांबून परत आलं की किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्'. बॉनेट उघडं टाकून पंधरा मिनिटं बाजूला उभं राहावं, पुन्हा किल्ली फिरवावी, तर अशी चालू होते की जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे दहापैकी दहा वेळा चालू. मेकॅनिक आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने हे नाटक चार महिने केलं. जोडीला आणखी एक खोड होती: सिग्नलला उभी असताना रेस आपोआप चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. पाय पॅडलवर नसायचाच. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे ना माझ्या डोक्यात आलं ना गॅरेजवाल्याच्या. मी बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलच्या पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) बदलला. दर वेळी दोन-चार दिवस बरे जायचे आणि मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. शेवटी दोष निघाला वीतभर लांबीच्या एका पट्टीत. तिच्याकडे येतोच, पण आधी बाकीचं समजून घेऊ, कारण तुमच्या गाडीत ती पट्टी ठणठणीत असू शकते.

आधी वही, मग पाना

'अधूनमधून येणारा दोष' असं आपण म्हणतो खरं, पण दोष अधूनमधून येत नाही. तो गाडीत मुक्कामालाच असतो. अधूनमधून पुरी होते ती त्याने डोकं वर काढण्याची अट. इंजिन तापलेलं असणं, हवेत दमटपणा असणं, नुकतंच पेट्रोल भरलेलं असणं, खड्ड्यातून गाडी आदळलेली असणं, एसी, पंखा आणि दिवे एकदम चालू असणं, यांपैकी एखादी किंवा दोन एकत्र. गॅरेजमध्ये गाडी पोचते तेव्हा नेमकी ती अट मोडलेली असते, म्हणून ती तिथे शहाण्यासारखी वागते.

म्हणून पहिलं हत्यार म्हणजे वही. गाडीने दगा दिला की लगेच चार ओळी लिहायच्या. इंजिन गार होतं की तापलेलं, बंद करून किती वेळ झाला होता, टाकीत इंधन किती होतं आणि शेवटचं कधी भरलं, पाऊस होता का, डॅशबोर्डवर कुठले दिवे लागले होते, किल्ली फिरवल्यावर आवाज नेमका कसा आला, आणि शेवटी चालू कशाने झाली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 'थोडा वेळ थांबल्यावर झाली' आणि 'धक्का मारल्यावर झाली' हे दोन निरोप अगदी वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. दगा दिलेल्याच नव्हे, न दिलेल्या वेळाही लिहा. पाच-सहा नोंदी जमल्या की अट बहुतेक वेळा आपोआप दिसायला लागते.

तापलेल्या इंजिनाबद्दल एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. इंजिन सर्वांत जास्त तापतं ते चालताना, असा आपला समज. पण बॉनेटखालच्या आजूबाजूच्या भागांसाठी सर्वांत वाईट वेळ असते ती इंजिन बंद केल्यानंतरची दहा ते तीस मिनिटं. पाण्याचा पंप थांबलेला, समोरून येणारा वारा थांबलेला, आणि लोखंडात साठलेली उष्णता बाहेर पडून सेन्सर, वायरी, सेल्फची मोटर या सगळ्यांना शेकत राहते. 'वीस मिनिटं थांबलो आणि मग चालू होईना' या तक्रारीमागे बरेचदा हीच धग असते. तासाभराने सगळं निवतं आणि गाडी पुन्हा गुणी होते.

टक्, टकटकटक आणि नुसती घरघर

'गाडी चालू होत नाही' या एका वाक्यात निदान तीन वेगळे आजार दडलेले आहेत. सेल्फ फिरतच नाही हा एक. सेल्फ फिरतो, पण म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरतो, हा दुसरा. आणि सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा तिसरा. पहिल्या दोनांत पेट्रोल, प्लग, इंजेक्टर यांच्याकडे बघायचंही कारण नाही. तिसऱ्यात बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. मी चार महिने घालवले त्यातले दोन तरी केवळ ही विभागणी न केल्यामुळे गेले.

सेल्फचं काम दोन वायरिंगवर चालतं. किल्लीतून निघणारा बारीक प्रवाह रिलेमार्गे सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडपर्यंत जातो. तो नुसता हुकूम असतो. हुकूम मिळाला की सोलेनॉइडमधला दांडा खेचला जातो, दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकतं आणि त्याच वेळी आतले तांब्याचे जाड काँटॅक्ट जुळून बॅटरीतला खरा, भारी प्रवाह मोटरीत शिरतो. लहान पेट्रोल गाडीतसुद्धा हा प्रवाह १०० ते २०० अँपिअरच्या घरात असतो. गाडीतलं दुसरं कुठलंच उपकरण याच्या आसपासही येत नाही.

आता गैरसमज किती खोल आहे तो बघा. लोक हेडलाइट लावून बघतात, दिवे लख्ख दिसतात, आणि ठरवतात की बॅटरी आणि वायरी चांगल्या आहेत. समजा बॅटरीच्या टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी बुरशी चढून ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा तयार झाला आहे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. ५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१ व्होल्टचं नुकसान. डोळ्यांना कळणारही नाही. सेल्फ १५० अँपिअर मागतो. १५० गुणिले ०.०२ म्हणजे तब्बल ३ व्होल्ट त्या बुरशीतच संपले. बारातले तीन गेल्यावर मोटर काय डोंबल फिरणार? तोच सांधा, तोच अडथळा. बल्बला तो दिसत नाही, सेल्फला मात्र भिंत वाटतो.

दिव्यांचा उपयोग दुसऱ्या रीतीने करावा. हेडलाइट लावून कुणाला तरी समोर उभं करा आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मलूल झाले तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टर्मिनलवरच खोट आहे. दिव्यांना काही फरकच पडला नाही तर भारी प्रवाह सेल्फपर्यंत निघालेलाच नाही.

आवाजही बोलका असतो. घाईघाईने 'टकटकटकटक' असा आवाज येत असेल तर सोलेनॉइड खेचला जातो, भारी प्रवाह सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा खेचला जातो, असं चक्र चालू आहे. अशक्त बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. एकच दणदणीत 'टक्' आणि मग शांतता असेल तर हुकूम पोचला, दांडा खेचला गेला, पण मोटर फिरली नाही. जळके काँटॅक्ट, झिजलेले कार्बन ब्रश किंवा खराब अर्थिंग (गाडीच्या धातूतून बॅटरीकडे प्रवाह परतवणारी जोडणी). सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली तर ब्रश संपत आले आहेत असं बहुतेक धरून चालावं. ही युक्ती घरी पोचण्यापुरती; त्यावर महिनोन्महिने काढणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि त्यांना रस्त्यात अडकलेलंही पाहिलं आहे. काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, रिले, क्लच दाबल्यावर जुळणारा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्याखालचा स्विच, किंवा इमोबिलायझर (अनोळखी किल्लीने गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा). ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये चालू होत नसेल आणि न्यूट्रलमध्ये होत असेल तर उत्तर तिथेच मिळालं. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने तुमची किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा.

साधा मल्टिमीटर असेल तर अंदाज बांधायची गरज उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण ९.६ च्याही खाली गेला तर बॅटरी एक तर थकली आहे किंवा भरलेली नाही. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये. दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच चालू होत नसेल तर बंद गाडीतही कोणीतरी करंट पीत आहे. बंद गाडीत सगळी यंत्रणा झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालून जाते. ती अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी. मोजताना मात्र गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. आतले संगणक लगेच झोपत नाहीत.

आणि ही सगळी मापं घ्यायला दोष हजर हवा. तो नसेल तर सापळा लावायचा. सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टर्मिनलवरून एक पातळ वायर, तिच्या सुरुवातीलाच लहान फ्यूज लावून, आत डॅशबोर्डपर्यंत आणा आणि तिथे १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडून त्याचं दुसरं टोक अर्थ करा. किल्ली फिरवली की बल्ब लागतो. ज्या दिवशी सेल्फ फिरणार नाही त्या दिवशी फक्त बल्बकडे बघायचं. लागला तर किल्ली, रिले, स्विच सगळे निर्दोष. खोट जाड वायरींच्या किंवा सेल्फच्या बाजूला. नाही लागला तर उलट. शोधायचं क्षेत्र एका नजरेत अर्ध्यावर येतं. मला ही युक्ती एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितली आणि माझी प्रगती खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

जाता जाता: गाड्यांना विजेचा सेल्फ आला तो १९१२ सालच्या कॅडिलॅकपासून. त्याआधी पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने ओळखलं ते असं, की मोटर काही सेकंदच फिरवायची असेल तर छोट्या मोटरीवरही तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो. म्हणूनच सेल्फ एवढासा असतो. आणि म्हणूनच तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नसतो. मध्ये त्याला अर्धा मिनिट तरी दम खाऊ द्या.

फिरतंय, पण पकडत नाही

इथे इंजिनाला तीन गोष्टी हव्या: इंधन, ठिणगी, आणि ती दोन्ही नेमकी कधी द्यायची याची खबर. खबर देतो क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्टशेजारी बसलेला हा एवढासा तुकडा, फिरणारे दाते मोजून ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) सांगतो की पिस्टन कुठे आहे. त्याच्या आत केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. म्हातारपणी तापल्यावर ती प्रसरण पावून कुठेतरी सुटते आणि निवली की पुन्हा जुळते. सेन्सर गप्प झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा: इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर चिकटलेला आहे, तर संशय इथे. सेन्सर हाताला लागण्यासारखा असेल तर ओल्या फडक्याने गार करून बघा. गार केल्यावर लगेच चालू झाली तर पुरावा मिळाला.

इंधनासाठी कान पुरतात. किल्ली 'ऑन'वर आणून सेल्फ न मारता ऐका. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोनेक सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. तो पंप. गाडी रुसते त्या दिवशी ही गुणगुण गायब असेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. रिलेच्या आतल्या सोल्डरला केसाएवढी भेग पडली की ऊन लागल्यावर तो काम सोडतो आणि संध्याकाळी पुन्हा हजर. गुणगुण येते, पण सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो असं असेल तर किल्ली तीनदा 'ऑन-ऑफ' करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर रात्रीतून लाइनमधलं प्रेशर उतरतंय.

पेट्रोल भरल्यानंतरच त्रास देणाऱ्या गाड्यांची एक वेगळीच जात असते. टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला की टाकी भरल्यावर वाफेचा लोंढा थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) येतो आणि इंजिन गुदमरतं. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत साचलेलं पेट्रोल वाऱ्याने निघून जातं. त्या उपायाने चालू होत असेल तर पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं.

तापमानाच्या सेन्सरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण 'फक्त तापल्यावर त्रास' याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. हा सेन्सर तापला की त्याचा रोध उतरतो. नेहमीच्या प्रकारात २० अंशांना तो साधारण २५०० ओहम असतो, ६० अंशांना ६००, आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास. आता त्याच्या प्लगमध्ये गंज चढून ३०० ओहमची भर पडली असं धरा. गार इंजिनात २५०० चे २८०० झाले. ईसीयूची फसगत चार-दोन अंशांची. तापलेल्या इंजिनात मात्र ३०० चे ६०० झाले, आणि ईसीयूला ८० अंशांचं इंजिन ६० चं वाटलं. ते गार समजून तो पेट्रोल वाढवतो, रेसही किंचित वर ठेवतो. सेन्सर चांगला, ईसीयू चांगला, वायर चांगली. दोषी आहे तो प्लगमधल्या पिनेवरचा हिरवट थर.

रेस कुणाच्या मर्जीने चढते

तापलेलं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरतं. सकाळी गार असताना ते ११०० ते १५०० वर जाऊन हळूहळू खाली येतं. हा आजार नव्हे. एसी लावला, रेडिएटरचा पंखा सुरू झाला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की काटा क्षणभर हलतो, हाही नव्हे. बॅटरीची वायर काढून लावल्यावर दोन-चार दिवस आयडलिंग (पॅडल न दाबता उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) वेडंवाकडं होणं हेसुद्धा अनेक गाड्यांत स्वाभाविक आहे, कारण ईसीयू थ्रॉटलची (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेची) शिकलेली जागा विसरलेला असतो. आजार तो, ज्यात पॅडल सोडल्यावर रेस खाली यायला तयार नसते, किंवा झोपाळ्यासारखी वरखाली होत राहते.

पेट्रोल इंजिनात रेस म्हणजे मुळात हवा. जेवढी हवा आत जाते तेवढं पेट्रोल ईसीयू देतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे त्याचं ठरलेलं प्रमाण. पॅडल सोडलेलं असताना थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि एक बारीकशी वाट उघडी ठेवून ईसीयू हवा मोजून मापून सोडतो. तिसऱ्याच वाटेने हवा आत शिरली की हिशेब बिघडतो. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, कडक झालेलं मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप, क्रँककेसची वाफ ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, या त्या चोरवाटा.

मग झोपाळा कसा तयार होतो? चोरवाटेने हवा जास्त आली, रेस चढून समजा १८०० वर गेली. ईसीयू बघतो की पॅडल सोडलेलं आहे आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. त्याला वाटतं गाडी उतारावरून गिअरमध्ये घरंगळते आहे. अशा वेळी इंधन वाचवायला पेट्रोल बंद करायचं असं त्याला शिकवलेलं असतं. तो बंद करतो. रेस धाडकन खाली. ठरावीक आकड्याखाली गेली की इंजिन बंद पडू नये म्हणून तो पेट्रोल पुन्हा देतो. चोरवाटेची हवा तिथेच आहे, रेस पुन्हा चढते. चढ, काप, उतार, दे, चढ. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कुणी भूत ॲक्सिलरेटर दाबतंय; आत मात्र प्रत्येक जण आपापलं काम नियमाप्रमाणे करतो आहे.

चोरवाट शोधायला इंजिन चालू ठेवून एकेक रबरी पाइप चिमट्याने किंवा बोटांनी हलकेच दाबून बंद करा. ज्या पाइपला दाबल्यावर रेस ताळ्यावर येते त्याच्या पलीकडे गळती. फिरत्या पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा. ब्रेक दाबून धरल्यावर आयडलिंग बदलत असेल तर बूस्टर बघा. काही जण तापलेल्या इंजिनावर पेट्रोलसारखा पेटणारा स्प्रे मारून गळती शोधतात. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते लावायला सांगा.

याच्या उलटचा आजार म्हणजे थ्रॉटलवरचा काळा कीट. हवेची वाट बुजते, सिग्नलला थांबताना रेस पार खाली जाऊन इंजिन बंद पडतं. साफ केल्यावर बरं वाटतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चकती हाताने जबरदस्तीने उघडायची नाही, आणि साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलची जागा स्कॅनरने नव्याने शिकवावी लागते. कूलंट कमी असणं हेही तपासा. तापमानाच्या सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा अडकला तर तो ईसीयूला वाटेल ते सांगतो.

चालत्या गाडीत रेस वाढते पण वेग वाढत नाही, ही तक्रार मात्र इंजिनाची नाहीच. ती क्लचची किंवा गिअरबॉक्सची.

धावत्या गाडीत रेस अडकून वरच राहिली तर ब्रेक घट्ट दाबा, गिअर न्यूट्रलला टाका, इंजिनाला ओरडू द्या, गाडी बाजूला घ्या आणि मग बंद करा. धावताना किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं. डिझेलमध्ये एक भयंकर प्रकार असतो: टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावत सुटतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून मारायचं. बॉनेटखाली वाकून बघायला जायचं नाही.

वीतभर पट्टी

माझ्या गाडीत दगा दिलेल्या दिवशी डॅशबोर्डवरचा तो छोटा बल्ब लख्ख लागला. म्हणजे हुकूम पोचत होता. मग मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून बायकोला किल्ली फिरवायला सांगितली. या दोन जागा जाड पट्ट्यांनी जोडलेल्या असल्यामुळे मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं; सेल्फ मारताना ०.२ पर्यंत ठीक, ०.५ म्हणजे नक्की खोट. मला दिसलं २.८.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी लागते. सेल्फचा सगळा प्रवाह बॅटरीत परत जायचा रस्ता तोच. माझी पट्टी वरून साबूत होती. बोल्ट सोडून वाकवून बघितली तर टोकाच्या घट्ट दाबलेल्या टोपणाखाली तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या, जेमतेम चार-सहा धरून होत्या. गार असताना त्या कशाबशा टेकत; इंजिन तापून जरा इकडचं तिकडे झालं की सुटत.

आणि रेस? इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा प्रवाहही त्याच पट्टीतून परततो. एसी, पंखा, दिवे मिळून ४० अँपिअर धरले आणि पट्टीत ०.०२ ओहम, तर इंजिन आणि बॉडी यांच्यात ०.८ व्होल्टचा फरक. माझ्या गाडीत काही सेन्सर इंजिनावर अर्थ केलेले आणि ईसीयू बॉडीवर. पाच व्होल्टमध्ये बोलणाऱ्या सेन्सरच्या बोलण्यात ०.८ ची भेसळ झाली तर ईसीयूला काय कळणार? पंखा सुरू झाला की रेस बदलायची, ही नोंद माझ्या वहीत पाच वेळा होती. मी ती दर वेळी लिहिली आणि दर वेळी सोडून दिली.

शिवाय पट्टी सुटली की सेल्फचा प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो. माझ्याकडे त्याने ॲक्सिलरेटरची केबल निवडली होती. तिच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर एका जागी तपकिरी होऊन वितळलं होतं आणि तार तिथे अडखळत होती. पॅडल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नव्हती ती त्यामुळे. नुसती केबल बदलली असती तर काही महिन्यांनी नवीही भाजली असती.

पट्टी आणि केबल दोन्ही बदलल्या, बोल्टखालचा रंग आणि गंज लखलखीत धातू दिसेपर्यंत घासला. तेच माप पुन्हा घेतलं: ०.१२. चार महिन्यांपूर्वी मोडीत दिलेली ती बॅटरी बहुधा चांगलीच होती.